कामगारवस्तीची नोंद ठेवायला सुरुवात करताय?

सगळं शहर एकदम अंगावर घेऊ नका. एकच गल्ली निवडा आणि महिनाभर वेगवेगळ्या वेळी तिथं जा. पाळी सुटतानाची गल्ली वेगळी, दुपारची वेगळी.

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढा: लांबून, समोरून आणि अगदी जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवाच, नाहीतर गटाराच्या झाकणावरचं ओतीव अक्षर केवढं होतं हे पुढं कुणालाच कळणार नाही.

भिंतीवरच्या पुसट रंगवलेल्या जाहिरातीला मात्र वेळ द्या. ऊन थेट समोरून पडलं की सगळं सपाट दिसतं. ते भिंतीला घासून तिरपं जात असेल तेव्हा ब्रशचे फटकारे दिसतात, खाली दडलेल्या जुन्या अक्षरांच्या कडासुद्धा उठतात. पाऊस नुकताच थांबलाय? लगेच निघा, ओल्या भिंतीवर विरलेला रंग गडद होतो.

माणसांना आधी विचारा, मगच कॅमेरा उचला.

त्याच रात्री फाइलला नाव द्या: वर्ष, महिना, दिवस, मग गल्ली आणि वस्तू. वर्ष पुढं असलं की क्रम आपोआप लागतो. मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. एक प्रत घराबाहेर असू द्या.