जी मी आहेच, ती होण्यासाठी धर्मांतर कशाचे?

प्रिय ठाणेकर मैत्रीण,

तुमचे वडील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आई हिंदू. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, वडिलांचे बोट धरून सिनेगॉगमध्ये जाणे, यांतच तुम्ही वाढलात. आता इस्राएलमधल्या अश्दोद शहरातील एका बेने इस्राएल घरात लग्न ठरू पाहत असताना मुलाच्या आईने 'आधी गिऊर (रीतसर ज्यू धर्मांतर), मग पुढचे बोलणे' असे सुनावले, आणि जी मी आहेच, ती होण्यासाठी धर्मांतर कशाचे, असे तुम्ही विचारता.

तुमचा संताप रास्त आहे. परंतु तुम्ही ज्यू आहात का, हे ठरवणारे अनेक आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही. इस्राएलचे नागरिकत्व हवे असेल, तर परतीच्या कायद्यातील १९७० च्या दुरुस्तीनुसार ज्यू वडिलांची मुलगी म्हणून तो हक्क तुम्हाला धर्मांतराविनाच आहे. लग्न मात्र तिथे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या हाती, आणि त्यांचे धर्मशास्त्र, म्हणजे हलाखा, आईकडून वंश मोजते. इस्राएलमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्यामुळे कित्येक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परतून नोंदणी करतात. अमेरिकेतील रिफॉर्म या उदारमतवादी पंथाच्या रब्बींनी १९८३ मध्ये वडिलांकडचे नातेही ग्राह्य धरले, पण अश्दोदच्या बाईंना त्याचे काय!

त्या बाईंच्या घरात एक आठवण मात्र असायला हवी. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आई, आजी, पणजी अशी चौकशी करण्याचा आदेश काढला होता. कोकणातून गेलेली ही माणसे त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. अर्थात कोकणातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होताच, आणि मिश्र संबंधांतल्या संततीशी सोयरीक टाळली जाई. चाळणी हाती आली की ती दुसऱ्यावर धरण्याचा मोह कुणाला सुटलेला नाही.

तरीही केवळ सासूबाईंसाठी गिऊर करू नका. तीन दयानांचे (धर्मन्यायाधीशांचे) बेथ दीन, म्हणजे धर्मन्यायालय, पहिल्यांदा कारणच विचारते, आणि लग्नासाठी म्हणून आलेल्याकडे ते साशंकतेने पाहते. मिक्व्यातली, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडातली, डुबकी क्षणाची असते; कोशेर (खाण्यापिण्याचे धार्मिक नियम) आणि शब्बाथ जन्मभर पाळण्याची कबुली मात्र मनापासून द्यावी लागते. ती देता येत असेल, तर जरूर करा, कारण त्यानंतर जन्मणारी मुले हलाखेनुसार ज्यूच ठरतील. फक्त त्या बेथ दीनचे धर्मांतर इस्राएलचे रब्बी मानतात ना, याची खात्री अभ्यास सुरू करण्यापूर्वीच करून घ्या.

एक गोष्ट मात्र खटकली. तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात त्या मुलाचे एकही वाक्य नाही. वर परदेशी असला तरी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली इथे लग्न होऊ शकते. रब्बींनी नकार दिला, तर तो ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात तुमच्या शेजारी उभा राहील का, हे त्याच्या आईला उत्तर देण्यापूर्वी त्यालाच विचारा.