युगांडातलं सेमिस्टर आणि पिवळं कार्ड

प्रश्न : मुलगी अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात सोशल वर्कच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढचं सेमिस्टर युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत करायचं म्हणते, आणि नाताळला तिथूनच परस्पर घरी येणार आहे. ही मिशन ट्रिप की अभ्यास? तिच्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाला धक्का तर लागणार नाही? — एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, हा अभ्यासच आहे. मिशन ट्रिप पंधरा दिवसांची असते. शाळेची भिंत रंगवायची, फोटो काढायचे नि परतायचं. इथे तिला स्थानिक मुलांबरोबर वर्गात बसायचं आहे, निबंध लिहायचे आहेत, परीक्षा द्यायची आहे. हे विद्यापीठ कंपालाच्या पूर्वेला मुकोनो गावात आहे. अँग्लिकन मंडळीच्या जुन्या बिशप टकर थिऑलॉजिकल कॉलेजातून ते १९९७ मध्ये उभं राहिलं.

व्हिसाचं सगळं एका गोष्टीवर ठरतं : त्या सेमिस्टरभर तिची नोंदणी अमेरिकेतल्या कॉलेजात पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिटची, राहिली पाहिजे. परस्पर परदेशी विद्यापीठात नाव घातलं आणि पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिली, तर नवा आय-२० (कॉलेज विद्यार्थी व्हिसासाठी देतं तो दाखला) काढायची पाळी येते. त्यामुळे पाळकसाहेबांच्या शिफारसपत्राआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र हातात हवं. आय-२० वरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली असावी. व्हिसाची मुदत मध्येच संपत असेल, तर नाताळच्या सुट्टीत मुंबईला मुलाखत द्यावी लागेल. तिची वेळ आत्ताच बघा.

विषयनिहाय क्रेडिट जाण्यापूर्वीच लेखी मंजूर करून घ्या. अमेरिकेत मान्यताप्राप्त बी.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे सोशल वर्कच्या पदवीला, फील्डवर्कचे किमान ४०० तास लागतात. युगांडातले तास त्यात धरणार का आणि तिथे देखरेख कोण करणार, हे विभागप्रमुखांना ईमेलवर विचारा. तोंडी 'हो' पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती या सेमिस्टरला लागू होते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

आता पिवळं कार्ड. हा पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचा दाखला. तो युगांडात शिरताना तर लागतोच, पण खरी अडचण मुंबई विमानतळावर होते. युगांडा सोडून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात उतरलं, तर विलगीकरणात ठेवतात, सहा दिवसांपर्यंत. म्हणजे नाताळ तिथेच. लस एकदाच घ्यायची, दाखला जन्मभर चालतो, मात्र तो लागू होतो दहा दिवसांनंतर. नाव पासपोर्टप्रमाणे आणि केंद्राचा शिक्का स्पष्ट आहे ना, हे तिथेच तपासावं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. लस जिवंत विषाणूची आहे; एमएमआरसारखी (गोवर, गालगुंड, रुबेलाची) दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मध्ये २८ दिवस.

मलेरियाच्या गोळ्यांत बहुतेक जण चुकतात ते परतल्यावर. डॉक्सिसायक्लिन असेल तर युगांडा सोडल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. 'घरी आले, आता कशाला' म्हणून गोळी थांबते आणि ताप येतो. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'युगांडाहून आले आहे' हेच सांगायचं.

कुटुंबात राहणार असेल तर गुडघ्याखाली येणारे स्कर्ट न्यावेत. जेवणात मातोके, म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो. आपल्या मुलींना तिखटाची आठवण येते. चटणीची पुडी द्याच.

प्रश्न : वॉशिंग्टनमधल्या सेमिस्टरमध्ये क्रेडिटसाठी बिनपगारी इंटर्नशिप आहे. एफ-१ वर वेगळी परवानगी कशाला? — एक विद्यार्थी

उत्तर : पगार नाही म्हणून परवानगी नको, हा समज अंगाशी येतो. क्रेडिटला जोडलेल्या कामासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, घ्या. त्याआधी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. संस्थेचं नाव आणि तारखा आय-२० वर आल्याशिवाय पहिल्या दिवशीही जाऊ नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली की त्या पदवीसाठीची ओपीटी, म्हणजे सहसा शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी, जाते. एका सेमिस्टरने तसं होत नाही.