आईची थायरॉइडची गोळी सुरू करू का?

प्रश्न : आई ७६ वर्षांची, शाकाहारी. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन घेते. सहा महिन्यांपासून विसरते. तीच गोष्ट दोनदा विचारते. गेल्या आठवड्यात तर स्वारगेटहून परत येताना पद्मावतीला उतरायचं विसरून थेट कात्रजला गेली. थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच ६.८, म्हणजे थोडा जास्त आलाय, टी-फोर नॉर्मल. शेजारच्या काकू म्हणतात, गोळी सुरू करा, सगळं आठवायला लागेल. करू का?
– एक वाचक, पद्मावती

उत्तर : एवढ्या रिपोर्टवर मी तरी गोळी सुरू करणार नाही. टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक आणि टीएसएच म्हणजे ते बनवायला थायरॉइडला मेंदूकडून येणारा निरोप. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतो. युरोपात पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा टीएसएचही असाच किंचित वाढलेला होता. वर्षभर गोळी घेऊनही थकव्यात किंवा इतर तक्रारींत फरक पडला नाही. उलट डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

थायरॉइडनं विसरायला होतं, हे मात्र खरं. सदाशिव पेठेतले एक आजोबा माझ्याकडे आले ते मे महिन्यात स्वेटर घालून. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, बोलणं संथ. घरचे स्मृतिभ्रंशच धरून चालले होते. टीएसएच नव्वदच्या पुढे, टी-फोर अगदी तळाला. हृदयाचा त्रास होता म्हणून २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली. चार महिन्यांनी ते पुन्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागले. आईंचं चित्र तसं दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. दहाच्या वर राहिला तर गोळीचा विचार करू. ती घ्यायची झाली तर सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी.

माझं लक्ष बी-१२ जीवनसत्त्वाकडे जातं. शाकाहार आणि इतकी वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे ते कमी असण्याची दोन कारणं एकाच घरात. त्यानंही विसरायला होतं, तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो. ही तपासणी याच आठवड्यात करा. कानही तपासून घ्या. नीट ऐकूच आलं नाही तर माणूस तेच पुन्हा विचारणार. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. काहींनी म्हातारपणी डोकं गोंधळतं. मन उदास आहे का, हेही विचारा. आपल्याकडे ते कुणी विचारतच नाही.

कात्रजची गोष्ट मला टीएसएचपेक्षा जास्त लागली. वर्षानुवर्षांचा स्टॉप चुकला, तर स्मरणशक्तीची रीतसर तपासणी आत्ताच हवी. रक्ताच्या रिपोर्टांसाठी ती लांबवू नका. तोवर त्यांच्या पर्समध्ये तुमचा नंबर आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवा, त्यांना सांगून, त्यांच्याच हातानं.