आईला किडनी द्यायची आहे, रक्तगट जुळतो. मग क्रॉसमॅच कशासाठी?

रक्तगट ही पहिली पायरी झाली. एचएलए (पेशींवरच्या खुणा, ज्यांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं) निम्मं तुमच्याकडे आईकडूनच आलंय, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. हल्लीच्या औषधांवर त्याहून कमी जुळणीही चालते. खरी मेख क्रॉसमॅचमध्ये. आईचं सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) तुमच्या लिम्फोसाइट पेशींवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) घालतात. पेशी मेल्या, तर तुमच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज तिच्या रक्तात आधीच आहेत, आणि नवी किडनी काही तासांत निकामी होऊ शकते. गंमत म्हणजे या अँटिबॉडीज बाळंतपणातही तयार होतात, म्हणजे कारण कदाचित तुम्हीच! रक्त चढवल्यानेही होतात. म्हणून डायलिसिसवर हिमोग्लोबिन घसरलं तर आधी एरिथ्रोपोएटिनच्या (लाल रक्तपेशी वाढवणारं औषध) इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रक्त चढवावंच लागलं, तर प्रत्यारोपणाच्या टीमला आवर्जून कळवा. क्रॉसमॅच नव्याने करावा लागतो.