कृषी अर्थशास्त्राची पदवी: प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे

महोदय,

आपले पत्र मिळाले. आपल्या मुलीला विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकायचे आहे. शेतीच शिकायची तर कृषिविज्ञान का नको आणि अर्थशास्त्र शिकायचे तर निव्वळ अर्थशास्त्र का नको, असा प्रश्न आपण विचारला आहे. घरात कोणी शेती केलेली नाही याची अडचण होईल का आणि पदवीनंतर नोकरी कुठे मिळेल, या शंकाही आपण मांडल्या आहेत.

कृषिविज्ञान आणि कृषी अर्थशास्त्र यांतला फरक एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतात खताचे पहिले पोते टाकल्यावर धान्य पाच पोत्यांनी वाढते, दुसऱ्याने आणखी तीन आणि तिसऱ्याने आणखी एक. आणि खताचे एक पोते विकत घ्यायला दोन पोती धान्य विकावे लागते. तिसऱ्या पोत्यानेही पीक वाढतेच, त्यामुळे उत्पादन हेच उद्दिष्ट असेल तर ते टाकणे योग्य ठरते. कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी मात्र दुसऱ्या पोत्यावर थांबतो, कारण तिसरे पोते एक पोते धान्य मिळवून देते आणि दोन पोत्यांचा खर्च करवते. सर्वाधिक उत्पादन जिथे मिळते तिथेच सर्वाधिक नफा मिळतो असे नाही, हे पहिल्या वर्षातच शिकवले जाते आणि पुढचा बराचसा अभ्यासक्रम त्यावरच उभा राहतो.

निव्वळ अर्थशास्त्राशी तुलना केली, तर शेतीचे वेगळेपण असे की तिथे निर्णय आणि त्याचे फळ यांच्यामध्ये एक आख्खा हंगाम जातो. यंदा भाव चढला म्हणून सगळ्यांनी तेच पीक लावले, तर काढणीच्या वेळी माल उतू जातो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या हंगामात लागवड घटते आणि भाव पुन्हा वर जातो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ साली ज्याची सविस्तर मांडणी केली तो कॉबवेब (कोळ्याचे जाळे) सिद्धान्त हाच. शिवाय धान्य निम्म्या भावात मिळाले म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही. त्यामुळे पीक थोडेसे जास्त आले तरी भाव बराच खाली येतो आणि भरघोस पिकाच्या वर्षीच शेतकऱ्याचे एकूण उत्पन्न घटू शकते.

हा विषय अर्थशास्त्रात दुय्यम मानला जातो, असे आपल्याला कोणी सांगितल्याचे पत्रात दिसते. हे मत मला मान्य नाही. आज अर्थमितीत, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणात, सर्वत्र वापरली जाणारी साधनचलाची (इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल) पद्धत अमेरिकन अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांच्या १९२८ सालच्या वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य तेलांवरील अभ्यासात प्रथम मांडली गेली. किंमत आणि विक्री दोन्ही एकाच वेळी बदलत असताना बदल मागणीमुळे झाला की पुरवठ्यामुळे, हे कसे ओळखावे, हा त्यांचा प्रश्न होता. हवामानामुळे पिकात होणारा चढउतार पुरवठा हलवतो, पण मागणीला हात लावत नाही; म्हणून त्याच्या आधारे मागणीचे स्वरूप मोजता येते. शेतीच्या अर्थशास्त्रातून पुढे आलेल्या थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ साली आर्थर लुईस यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले.

यावरून एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल: या शाखेत कस लागतो तो गणिताचा आणि सांख्यिकीचा, शेतीच्या प्रेमाचा नव्हे. घरी शेती नसणे ही मोठी उणीव नाही. सर्वेक्षणासाठी गावात गेल्यावर, घरच्या माणसांनी शेतात केलेल्या श्रमांची मजुरी हिशेबात कशी धरायची, ती धरल्यावर नफ्याचे शेत तोट्यात गेले तर कोणता आकडा खरा मानायचा, असले प्रश्न समोर येतात, आणि त्यांची उत्तरे शेतकऱ्याच्या घरातला विद्यार्थीही शिकूनच देतो. गणिताचा कंटाळा असेल, तर मात्र ही पदवी जड जाईल.

नोकरीविषयी थोडक्यात सांगायचे, तर बँकांचा कृषी पतपुरवठा, पीक विमा, शेतमालाचा व्यापार आणि भावांचे विश्लेषण, अन्नप्रक्रिया उद्योगांतील खरेदी, शासकीय सांख्यिकी आणि धोरणविभाग अशी क्षेत्रे आहेत. संशोधनात किंवा अध्यापनात जायचे असल्यास पदव्युत्तर शिक्षण गृहीत धरावे.

विद्यापीठ निवडताना नावापेक्षा अभ्यासक्रमपत्रिका पाहावी. हा विभाग काही ठिकाणी कृषी विद्याशाखेत असतो, काही ठिकाणी अर्थशास्त्राच्या. पहिल्यात मृदाशास्त्र आणि पीकशास्त्र अधिक, दुसऱ्यात सिद्धान्त अधिक. कलनशास्त्र, सांख्यिकी आणि अर्थमिती हे विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक, हे जरूर तपासावे. ते तिन्ही ऐच्छिक असतील, तर मी स्वतः तो विभाग मागे ठेवेन. कृषी व्यवसाय व्यवस्थापन हा वेगळा अभ्यासक्रम आहे. तिथे एखादी कंपनी कशी चालवावी हे शिकवतात, बाजार आणि धोरण दुय्यम असते.

अर्ज भरण्यापूर्वी मुलीला एक काम करायला सांगावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची फाओस्टॅट ही माहितीपेढी सर्वांसाठी खुली असून तिच्यात १९६१ पासूनचे पीक उत्पादनाचे आकडे आहेत. तिने एक देश आणि एक पीक निवडून आलेख काढावा, ज्या वर्षी उत्पादन ठळकपणे घसरले ते शोधावे आणि क्षेत्र घटले की दर हेक्टरी उत्पादन, हे ताडून पानभर टिपण लिहावे. हे काम तिने आपणहून पुढे नेले, दुसरे पीक उघडून पाहिले, तर निःशंकपणे प्रवेश घ्यावा. ते अर्ध्यावर सुटले, तर निव्वळ अर्थशास्त्रातही हेच आकडे भेटणार असल्याने दोन्ही पर्यायांचा पुन्हा विचार करावा लागेल. त्या वेळी ते टिपण, जेवढे झाले असेल तेवढे, मला पाठवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक