ई-कॉमर्समधली नोकरी सोडून ब्लॉकचेन कंपनीत गेलं तर कामात नेमका काय फरक पडतो?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं बॅकएंडचं काम केलंय, दीडपट पगाराची ऑफर आहे, आणि सॉलिडिटी (ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम लिहायची भाषा) महिन्याभरात जमेल का ही धास्ती आहे. जमेल. भाषेचं काही मोठं नाही. तुमच्या आताच्या कामात चूक मागे घेता येते, तिथे येत नाही. बाकीचे सगळे फरक याच्यापुढे किरकोळ आहेत. मला हे फेब्रुवारी २०२२ मधल्या एका आठवड्यात कळलं आणि अजून ते मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मी पुण्यात ऑनलाइन तिकीट बुकिंगच्या एका कंपनीत होते. एका दिवाळीत माझ्या कोडमुळे एकच कूपन दोनदा लागू व्हायला लागलं. ऑन-कॉल असलेल्याचा फोन आला, अकरा मिनिटांत आम्ही आधीचं व्हर्जन परत चढवलं, नुकसान अकाउंट्सने खर्ची टाकलं. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लॉकचेन कंपनीत गेले. आम्ही सगळे मिळून बारा जण, संस्थापक दुबईत, बाकीचे आपापल्या घरी. पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर स्टेकिंगचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे लोकांचे पैसे ठरलेल्या नियमांनी आपोआप सांभाळणारा प्रोग्राम, बनवत होतो. लोकांनी टोकन (ब्लॉकचेनवरचं डिजिटल नाणं) ठेवायचं, त्यावर सेकंदागणिक बक्षीस जमत जाणार, काढताना मुद्दल आणि बक्षीस एकदमच हातात. बक्षीस आमच्याच टोकनमध्ये असणार होतं आणि ऑडिटही (बाहेरच्यांकडून कोडची तपासणी) तसंच झालं. लाँच तोंडावर आल्यावर ठरलं की बक्षीस यूएसडीसीमध्ये, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेल्या टोकनमध्ये, द्यायचं. टेक लीड म्हणाला, फक्त टोकनचा पत्ता बदलायचाय.

आमच्या टोकनला दशांशानंतर १८ स्थळं होती, यूएसडीसीला ६ असतात. बक्षिसाचा दर १८ च्या हिशेबाने लिहिलेला, तो तसाच राहिला, म्हणजे बारा शून्यं जास्त. टेस्टमधलं खोटं टोकनही १८ स्थळांचंच, त्यामुळे सगळ्या टेस्ट पास. लाँच झालं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या माणसाने पैसे काढायला घेतले. एका डॉलरच्या जागी कॉन्ट्रॅक्ट त्याला एक लाख कोटी डॉलर द्यायला निघालं. तेवढे त्यात नव्हतेच, म्हणून व्यवहार फेल. मुद्दल परत द्यायचं कामही त्याच फंक्शनमध्ये होतं, त्यामुळे तेही अडकलं. त्याचंच नाही, सगळ्यांचं. सुमारे १४० लोकांचे मिळून ३८ हजार डॉलर.

डिसेंबरमध्येच मी म्हटलं होतं की बक्षीस सोडून नुसतं मुद्दल काढता येईल असं वेगळं फंक्शन ठेवू या. यात माझं डोकं काही विशेष चाललेलं नव्हतं. सुशीस्वॉप या टोकन अदलाबदलीच्या सेवेच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये २०२० पासून 'इमर्जन्सी विथड्रॉ' नावाने तेच आहे. लीडचं उत्तर: त्याने ऑडिटचा खर्च वाढेल, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. पुढचं व्हर्जन म्हणजे काय? कॉन्ट्रॅक्ट आम्ही बदलता न येणारंच ठेवलं होतं, आणि त्याची जाहिरात अभिमानाने केली होती.

तो आठवडा सांगते. जुन्या कंपनीत ग्राहकाची तक्रार तीन पायऱ्या चढून माझ्यापर्यंत पोचायची. इथे कोड सगळ्यांसमोर उघडा होता. आम्ही शोधायच्या आधी डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एकाने नेमकी ती ओळ चिकटवली आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? एक मुलगा रोज रात्री यायचा. भांडायचा नाही. फक्त विचारायचा, आज निघतील का? मी रोज काहीतरी उत्तर द्यायचे. शेवटी कंपनीने आपल्या राखीव पैशातून सगळ्यांची भरपाई केली. ते योग्य केलं, हे मी मान्य करते. पण आधीचं मुद्दल त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कायमचं अडकलं. पॉलिगॉनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या पॉलिगॉनस्कॅन या साइटवर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता उघडला तर आजही दिसतं.

नंतरच्या मीटिंगमध्ये लीड म्हणाला, कोड हाच कायदा, हा या क्षेत्राचा धर्मच आहे. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' या गुंतवणूक निधीतून ३६ लाख इथर (तिथलं चलन) चोरीला गेले तेव्हा इथेरियमनेच साखळी, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, वळवून ते परत मिळवले. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या साखळीवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर, राहिले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिटी कंपनीच्या वॉलेटची लायब्ररी (त्या वॉलेटना लागणारा सामाईक कोड) कुणीतरी नष्ट केली आणि ५ लाखांहून जास्त इथर अडकले. त्यांच्यासाठी साखळी वळली नाही. म्हणजे कायदा वगैरे काही नाही, किती लोकांचं दुखतंय त्यावर ठरतं. आमच्यासारख्या ३८ हजारवाल्यांनी बाहेर पडायचा मागचा दरवाजा आपणच आधी तयार ठेवायचा असतो.

पगाराचं थोडक्यात सांगते, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यावर आहे. दीडपटीत टोकन किती आणि रोख किती ते आधी वेगळं करा. टोकन हातात येईल त्या दिवशीच्या भावाने उत्पन्न धरलं जातं, नंतर विकताना नफा झाला तर एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर, आणि तोटा कशातूनच वजा होत नाही. माझ्या टोकनची किंमत त्या वर्षी मेमध्ये लुना हे टोकन कोसळलं तेव्हा निम्म्यावर आली आणि नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्सचेंज बुडाल्यावर जवळपास शून्यावर. कर मात्र आधीच्या भावाने भरला. सीएला नक्की विचारा, तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं. शिवाय बाहेरच्या कंपनीकडून कंत्राटी म्हणून पैसे येणार असतील तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, फॉर्म १६ नाही. गृहकर्जासाठी मला बँकेत चार खेपा माराव्या लागल्या.

सगळ्याच कंपन्या अशा नसतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. मोठ्या एक्सचेंजमधलं काम बरंचसं तुमच्या आताच्या कामासारखं असतं: डेटाबेस, क्यू, ऑन-कॉल. आणि मीही क्षेत्र सोडलेलं नाही. आता मी दुसऱ्यांची कॉन्ट्रॅक्ट तपासते. जीव लावून करण्यासारखं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दशांश मी सगळ्यात आधी बघते.

तर जायचं असेल तर जा. फक्त मुलाखतीत एक विचारा: कॉन्ट्रॅक्ट अडकलं तर लोकांचे पैसे बाहेर कसे काढणार? 'आमचं ऑडिट झालंय' असं म्हणाले तर ऑडिट झालेल्या कमिटची (कोडच्या त्या आवृत्तीची) तारीख मागा आणि प्रत्यक्ष ब्लॉकचेनवर चढवलेल्या कमिटचीही. आमच्याकडे त्या दोन तारखांमध्ये नऊ दिवसांचं अंतर होतं.