युरियातला नायट्रोजन उणे कसा आला?

प्रश्न : जेल्डाल पद्धतीच्या (पदार्थातल्या नायट्रोजनची टक्केवारी काढायच्या) गणितात ०.३ ग्रॅम युरिया आहे. निघालेला अमोनिया ५० मिली, ०.२५ मोलर सल्फ्युरिक आम्लात शोषला. उरलेल्या आम्लाला ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिली लागलं. मी आम्लाच्या १२.५ मिलिमोलमधून अल्कलीचे १५ वजा केले, तर उत्तर उणे येतं. गणितच चुकीचं छापलंय का?
– अकरावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : गणित बरोबर आहे, फक्त एक 'दोन' राहिला. सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू अमोनियाचे दोन रेणू अडवतो. म्हणून ५० × ०.२५ × २ = २५. त्यातून अल्कलीचे १५ गेले, उरले १०, म्हणजे १० मिलिमोल अमोनिया. आता नायट्रोजनची टक्केवारी : १.४ × १० ÷ ०.३ = ४६.६७ टक्के. पडताळा लगेच घ्या : युरियाचं रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे तेवढंच. उसाला टाकायच्या युरियाच्या पोत्यावरही ४६ टक्केच असतं. प्रश्नात मोलर आहे की नॉर्मल (त्यात हा 'दोन' आधीच धरलेला असतो), हे आधी पेन्सिलीने अधोरेखित करा. मार्क जातात ते इथेच.

नायट्रोबेंझीन, अ‍ॅझो संयुगं किंवा पिरिडीन दिलं असेल तर जेल्डाल चालत नाही, कारण त्यातल्या नायट्रोजनचं पूर्ण अमोनियम सल्फेट होत नाही. तिथे ड्युमा पद्धत, म्हणजे नायट्रोजन वायूच गोळा करून मोजायचा.

प्रश्न : अ‍ॅसिटानिलाइडच्या लॅसेन टेस्टमध्ये (पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यातला नायट्रोजन ओळखायची चाचणी) निळ्याऐवजी गढूळ हिरवा रंग येतो.
– विद्यार्थी, सातारा

उत्तर : तो गढूळ हिरवा साका फेरस हायड्रॉक्साइडचा. एक्स्ट्रॅक्टमध्ये (तापवलेली नळी पाण्यात बुडवून, उकळून गाळलेलं द्रावण) ताजं फेरस सल्फेट घालून उकळा, मग सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडा. साका विरघळला की निळा दिसतो. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. फेरिक क्लोराइडच्या पिवळ्यात निळा मिसळला की पुन्हा हिरवाच वाटतो. आम्ल घालताना थोडा हायड्रोजन सायनाइड सुटतो, म्हणून वायू बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडखालीच काम करा.

तरीही निळा नाही आला, तर दोष फ्यूजनमध्ये, म्हणजे पदार्थ सोडियमबरोबर तापवण्यात, शोधा. सोडियमचा तुकडा अर्ध्या वाटाण्याएवढा, तेल फिल्टर पेपरने टिपलेला, कापलेली बाजू चकाकणारी हवी. आधी सोडियम मंद आचेवर वितळवा, मग पदार्थ टाका, आणि नळीचं बूड लालबुंद होईपर्यंत तापवा. घाई केली तर पदार्थ वाफ होऊन उडून जातो आणि सायनाइड बनतच नाही. तापलेली नळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवल्याबरोबर बशीवर तारेची जाळी ठेवा, उरलेलं सोडियम पेट घेतं.

हॅलोजनसाठी हाच एक्स्ट्रॅक्ट घ्याल तेव्हा सिल्व्हर नायट्रेटआधी हूडमध्ये नायट्रिक आम्लाबरोबर उकळा, नाहीतर सिल्व्हर सायनाइडचा पांढरा साका क्लोराइड म्हणून वहीत लिहिला जातो.